पावणीला घातलेली हाक

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे आडवेल नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात भिकूशेट पोकळे नावाचा एक दुकानदार राहत होता. दुकान साधंच. रस्सी, जाळ्याची बुचं, धागा, चहापावडर, बिस्किटं आणि पावसाळ्यात छत्र्यांच्या काड्या. शाळा चार यत्ता. पण समोरच्याला काय हवंय हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखण्यात भिकूशेटचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. लहानपणी जत्रेत शेंगदाणे विकताना त्याने एक गोष्ट हेरली होती. माणसं भूक लागली म्हणून शेंगदाणे घेत नाहीत, हात रिकामे असतात म्हणून घेतात. तेव्हापासून तो पुड्या घेऊन नाटकाच्या मंडपात फिरे. देवळाच्या रांगेकडे फिरकत नसे, कारण रांगेतल्या माणसाच्या हातात नारळ असतो.

एकदा तालुक्याच्या बाजारात पिवळ्या रंगाचे पन्नास डबे कुणी घेईना म्हणून पडून होते. भिकूशेटने ते पडत्या भावात उचलले आणि गावातल्या बायकांना सांगत सुटला की पिवळी होडी लांबून दिसते, घरधनी किती दूर आहे ते चुलीपुढून उठून बघितलं की कळतं. बायकांनी नवऱ्यांच्या मागे लकडा लावला. महिन्याभरात आडवेलच्या सगळ्या होड्या पिवळ्या झाल्या. हे बोलणं होतं निव्वळ डबे खपवायचं. पण पुढल्याच वर्षी वादळात एक होडी उलटली आणि लाटांत पिवळा ठिपका दिसला म्हणून चार माणसं वाचली. गाव म्हणू लागलं, शेट बोलतो स्वतःसाठी, पण फळतं सगळ्यांना. लोक म्हणाले ते कौतुकाने. भिकूशेटने ते मनात पक्कं धरून ठेवलं. आपल्या फायद्याची गोष्ट गावाच्या फायद्याचीच असणार, असं त्याला वाटू लागलं, आणि इथेच त्याचं गणित चुकलं.

आडवेलच्या समुद्रात पावसाळा सरला की एक मोठी मुशी, म्हणजे शार्क मासा, येई. होडीपेक्षा लांब, आणि पाठीवर पांढरे ठिपके, जणू कुणी रांगोळीच्या चिमटी सोडत गेलंय. बाकीच्या मुशींना दात, हिला चावणं ठाऊकच नाही. तोंड उघडून पाणी आत घ्यायचं, त्यातला जवळा, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी कोळंबी, गाळून खायची आणि पुढे सरकायचं. गाव तिला पावणी म्हणे. पाहुणी आली की घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, तसं ती दिसली की होडीवरचा तांडेल मशीन बंद करी. कधी ती एकटी असे, कधी दोघी. होळीच्या सुमारास निघून जाई. कुठे, ते कुणी विचारलं नाही. पाहुण्याला कुठे चाललात असं विचारू नये.

एका वर्षी साताऱ्याकडून एक निवृत्त पोस्टमास्तर फिरायला आले. बाबल तांडेल त्यांना होडीतून चक्कर मारायला घेऊन गेला. बाबल म्हणजे भिकूशेटचा बालमित्र, गावातला सगळ्यात जाणता तांडेल. समुद्रातल्या मोठ्या खडकाजवळ पावणी होडीखालून गेली. परत आल्यावर पोस्टमास्तर वाळूत बसले ते दोन तास उठले नाहीत. भिकूशेटने चहा नेऊन दिला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले. आज पहिल्यांदा माझ्या नावाचं काही आलं."

भिकूशेटने आयुष्यात हजारो गिऱ्हाइकं पाहिली होती. माल घेऊन हसणारी, माल घेऊन कुरकुरणारी. काहीच हातात न घेता इतकं भरून पावलेलं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. त्याने दुकान भावजयीकडे सोपवलं, एक होडी घेतली, तिलाही पिवळा रंग दिला, पाण्याखाली बघायचे चष्मे आणि श्वासाच्या नळ्या आणल्या आणि किनाऱ्यावर फळा लावला. पावणीसोबत पोहा.

लोक आले. पण पावणी स्वतःच्या मर्जीने येई. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी चार दिवस नाहीच. मग लोक चष्मे काढून तोंडं वाकडी करत. एकाने तर विचारलं, तुमची मुशी सुट्टीवर आहे का? भिकूशेट हसला खरा, पण ते त्याला लागलं. दुकान उघडं आणि माल मनाला येईल तेव्हा फळीवर, असा कुठे धंदा असतो?

त्याने विचार केला. पावणी जवळ्यामागे जाते. मग जवळाच तिच्यासमोर ठेवला तर? त्याने किनाऱ्यावर बायकांकडून ओला जवळा टोपल्यांनी घ्यायला सुरुवात केली. खडकाजवळ होडी उभी करायची, वल्ह्याच्या दांड्याने होडीच्या फळीवर तीनदा ठोकायचं, आणि जवळा मुठीमुठीने सोडायचा. ठोकल्याचा आवाज पाण्यातून लांबवर जातो, हे आडवेलात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पहिले आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी पावणी आली. महिन्याभराने तर ठोकायचा अवकाश, खडकामागून ते भलंमोठं तोंड उघडत येई आणि होडीच्या कडेला नाक लावून उभं राही. गोठ्यातली गाय घमेल्यापाशी येते तसं.

आता पावणी रोजची झाली. शहरातून गाड्या येऊ लागल्या. लोकांनी घराच्या पडवीत खोल्या काढल्या. कोकम सरबत, सोलकढी, सुरमईची थाळी, सगळ्याला उठाव आला. शाळेच्या छपरावर नवी कौलं चढली. आणखी सहा जणांनी भिकूशेटचं पाहून होड्या घेतल्या आणि तेही फळीवर तीनदा ठोकू लागले. गावाने देवळासमोर सभा घेऊन भिकूशेटला शाल-नारळ दिला. बाबलने भाषण केलं, तेही दोनच वाक्यांचं. म्हणाला, भिकूने आमचं भलं केलं. आणि त्याला बोलायला उभं करू नका, नाहीतर तो शालीसकट सभामंडप विकेल. गाव पोट धरून हसलं. भिकूशेटचे डोळे भरून आले. हे खोटं नव्हतं. त्या दिवशी गावाचे उपकार त्याला खरोखर वाटत होते.

एक द्वारकाबाई तेवढी गप्प होती. द्वारका म्हणजे बाबलची बायको. गावात जवळा सुकवावा तर तिने, आणि मासळीचे वाटे करावेत तर तिनेच, इतका तिच्या हातावर लोकांचा विश्वास. त्या वर्षी तिच्या अंगणातल्या चटया रिकाम्या होत्या. ओला जवळा सगळा होड्यांवर जात होता. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की सुक्या जवळ्यावर अर्धं गाव दिवस काढतं, ते यंदा काय खाणार, हे तिने एकदा विचारलं. भिकूशेट म्हणाला, वयनी, आता हातात पैसे आहेत, बाजारातून आणू. तिने मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्याला कळलं नाही.

होळी झाली. पाडवा झाला. पावणी गेली नाही. द्वारका एकदा दुकानात धागा घ्यायला आली तेव्हा दारात भिकूशेट भेटला, त्याच्यापाशी ती जाता जाता थांबली.

"शेटानू, पावणेक जेवक घाला. पण तिका घर इसरूक लावू नकात."

भिकूशेटने हसून उत्तर दिलं, "वयनी, तिका आमचो गाव आवाडलो, त्येका मी काय करू?"

त्याला ते उत्तर फार आवडलं. दोन दिवस तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. पण खरी गोष्ट तोही बघत होता. होड्यांच्या फळ्यांना घासून घासून पावणीच्या नाकावरची कातडी पांढरी पडली होती. पाठीवरच्या पंखावर कुणाच्या तरी मशीनच्या पात्याची लांब चीर होती. पुण्याच्या एका बाईने पाण्यातून वर येऊन विचारलं, हे कसलं हो लागलंय तिला? भिकूशेट म्हणाला, जन्मखूण आहे. बोलून गेल्यावर त्याची जीभ कडू झाली. शेंगदाण्यात त्याने कधी खडे मिसळले नव्हते. पण पुढची टोळी किनाऱ्यावर उभी होती. त्याने तोंड धुतलं आणि होडी काढली.

त्या साली अजून एक गोष्ट झाली. आडवेलात रापण पडेनाशी झाली. रापण म्हणजे अर्ध्या किनाऱ्याएवढं लांब जाळं. होडीतून ते समुद्रात गोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर घेऊन अख्ख्या गावाने किनाऱ्यावरून ओढायचं. त्याला चाळीस-पन्नास हात लागतात. हात सगळे शहरातल्या लोकांना चष्मे घालण्यात गुंतले होते. रापण मांडवात पडून राहिली. वीस घरांनी मिळून ती विणली होती, आणि गेला सबंध पावसाळा दुरुस्त केली होती.

मग चैत्राच्या एका सकाळी बांगडा लागला. पाणी किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर काळंसावळं दिसू लागलं आणि वर पक्षी तुटून पडले. असा बांगडा आडवेलला तीन वर्षांत लागला नव्हता. बाबलने शिंग फुंकलं. मग काय, सरबतवाले सरबत टाकून धावले, होडीवाले होड्या टाकून धावले. भिकूशेटची होडी लोकांना घेऊन निघायच्या बेतात होती. त्याने होडीवरच्या आठ पाहुण्यांना सांगितलं, थोडं थांबा, आज वेगळीच मजा दाखवतो. आणि धोतर खोचून तोही दोराला लागला. लहानपणापासून दोर ओढायची त्याला फार हौस. हाताला रस्सी घासली की बरं वाटे.

जाळं पडलं. दोर ओढू लागले. जाळ्याच्या तोंडाशी एक मोकळी वाट राहते, तिथून मासळी निसटू नये म्हणून दोन होड्यांतली माणसं तिथे उभी राहून वल्ह्यांनी फळीवर जोरजोरात ठोकतात. आवाजाला भिऊन मासळी आत वळते. बापजाद्यांपासून हेच चालत आलंय. बाबलच्या माणसांनीही ठोकायला सुरुवात केली.

भिकूशेटने तो आवाज ऐकला. हातातला दोर तसाच राहिला.

पण तोवर उशीर झाला होता. खडकामागून ठिपक्यांची ती पाठ येताना सगळ्यांनी पाहिली. सरळ, न चुकता, रोजच्या वाटेने आल्यासारखी ती त्या दोन होड्यांच्या मधून जाळ्यात शिरली. मागोमाग जाळं मिटलं. पाणी उसळलं. कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसांनी आरडाओरडा केला. पावणी किनाऱ्याकडे तोंड करून पुढे सरकत होती आणि खाली वाळू वर येत होती. अजून थोडी पुढे आली असती तर पोट वाळूला टेकलं असतं, आणि इतकं मोठं जनावर एकदा वाळूवर बसलं की त्याला पाण्यात ढकलणं पन्नास माणसांच्याने होत नाही. तिने उथळ पाण्यात श्वास तरी कसा घ्यायचा? पोहत राहिली तरच ती जगते.

किनाऱ्यावरचे पाहुणे मोबाइल घेऊन पाण्यात उतरले. एक जण भिकूशेटला म्हणाला, शेट, इतक्या जवळून तर पैसे देऊनही मिळत नाही. आपण आत्ताच उतरू का? भिकूशेटने त्याच्याकडे पाहिलं. काल हाच प्रश्न आला असता तर त्याने याला खांद्यावरून पाण्यात नेलं असतं. त्याने त्याला हाताने बाजूला केलं.

जाळ्यात तीन वर्षांनी लागलेला बांगडा होता. बाबल एक क्षण उभा राहिला. मग त्याने द्वारकेकडे पाहिलं. ती कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून होती. तिने काही विचारलं नाही, कुणाची वाट पाहिली नाही. कमरेची सुरी काढली आणि समुद्राच्या अंगाचं जाळं तिने वरपासून खालपर्यंत फाडायला सुरुवात केली. दुसऱ्या बाजूने बाबल फाडू लागला. विणायला चार महिने लागलेलं जाळं चार मिनिटांत फाटलं. भगदाडातून बांगडा चांदीसारखा वाहून गेला. किनाऱ्यावर उभं असलेलं गाव ते बघत राहिलं.

पण पावणी वळेना. तिची वाट तिच्या पाठीमागे मोकळी होती आणि ती माणसांच्या दिशेने, वाळूच्या दिशेने नाक खुपसत होती. कुणी तिच्या शेपटीजवळ जायला धजेना. बाबल ओरडून म्हणाला, हिका वळयतलो कोण?

तिला कसं वळवायचं, हे त्या किनाऱ्यावर एकाच माणसाला ठाऊक होतं. ते करायचं म्हणजे आज हे का झालं तेही सगळ्यांसमोर उघडं करायचं. गप्प राहिला असता तर गाव म्हणालं असतं, बांगड्यामागे आली बिचारी, समुद्राची मर्जी. आयुष्यभर कुणी त्याला बोल लावला नसता. भिकूशेटला देवळासमोरची शाल आठवली. मग तो धावला. आपल्या होडीत चढला, जाळ्याच्या भगदाडाच्या पलीकडे, खोल पाण्यात होडी नेली, मशीन बंद केलं, आणि वल्ह्याच्या दांड्याने फळीवर तीनदा ठोकलं.

पावणीची शेपटी थांबली.

त्याने पुन्हा ठोकलं. तिने मोठं, जड वळण घेतलं. एका माणसाला तिच्या पाण्याच्या लोटाने आडवं केलं. मग ती भगदाडातून बाहेर आली, सरळ भिकूशेटच्या होडीकडे, आणि कडेला नाक लावून तोंड उघडून उभी राहिली. त्याच्याकडे जवळा नव्हता. त्याने पुन्हा ठोकलं, होडी थोडी पुढे नेली, पुन्हा ठोकलं. असं करत करत तिला खडकांच्या पलीकडे, निळ्या पाण्यात नेऊन सोडलं. तोंड उघडून ती वाट बघत राहिली. भिकूशेट तिच्याकडे पाहू शकला नाही.

किनाऱ्यावर आला तेव्हा गाव त्याची वाट बघत उभं होतं. सगळ्यांना कळलं होतं. तरी त्याने तोंडाने सांगितलंच, कारण नुसतं कळणं आणि कबूल करणं यात फार अंतर आहे, हे दुकानदाराला पक्कं माहीत असतं.

"ह्या ठोकण्यार येवक तिका मी शिकयलंय. ती बांगड्यामागे नाय इली. तुमी ठोकलास, तिका वाटला मीच बोलयतंय."

बाबलने फाटलेलं जाळं वाळूवर टाकलं. म्हणाला, "भिकू, तुझ्या दुकानात येता ता गिऱ्हाईक. समुद्रातसून येता ता गिऱ्हाईक नाय रे." आणि तो पाठ फिरवून होडी ओढायला गेला. शिव्या दिल्या असत्या तर भिकूशेटला सोपं गेलं असतं.

जाळ्याच्या एका कोपऱ्यात थोडा बांगडा उरला होता. द्वारका वाळूवर बसून वाटे करू लागली. रापणीचा नियम असा की ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. मग तो घरचा असो, पाहुणा असो, की वाटेने जाणारा असो. त्या दिवशी वाट्याला दोन-दोन बांगडे येत होते. भिकूशेट लांब, माडाच्या सावलीत उभा होता. द्वारकेने शेवटचा वाटा मांडला आणि मान वर न करता हाक मारली, शेटानू, तुमचो वाटो रवलो.

तो म्हणाला, "माका कसलो वाटो, वयनी?"

"दोराक हात लावलास ना? रापण कोणाचा पुण्य बघणा नाय. घेवा."

भिकूशेटने दोन्ही हात पुढे केले. आयुष्यात त्याने किती माल उचलला असेल. पण त्या दोन बांगड्यांइतकं जड काही त्याच्या हातात पडलं नव्हतं. ज्या गावाचं जाळं त्याने फाडायला लावलं, त्या गावाने त्याला पंगतीतून उठवलं नाही. तो घरी गेला, बायकोला बांगडे दिले, आणि जेवताना इतका गप्प होता की बायकोने मीठ कमी पडलं का म्हणून तीनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रापणीच्या मांडवात जाऊन बसला. दुकानातला सगळा धागा घेऊन आला होता. पंधरा दिवस तो रोज तिथे बसला. विणायला त्याला येत नव्हतं, म्हणून द्वारकेने त्याला विणायच्या सुयांत धागा भरायला लावलं. बाबल आधी बोलत नव्हता. मग एक दिवस म्हणाला, ह्या गतीन सुये भरलंस तर आमी दिवाळीक मासे खाव. त्यावर सगळा मांडव हसला आणि भिकूशेटला वाटलं, आता घर परत मिळालं.

पण पावणीचं काय? तिला हाक शिकवायला महिना लागला होता. ती हाक विसरायला लावणं सोपं नव्हतं. भिकूशेटने बाकीच्या सहा होडीवाल्यांना एकत्र बसवलं. जवळा बंद, ठोकणं बंद. दोघे जण ऐकेनात. म्हणाले, तुमचं झालं, आता आमच्या पोटावर पाय का? भिकूशेटने त्यांना आपल्या होडीत बसवून खडकापाशी नेलं. मशीनचा आवाज ऐकून पावणी आली, फळीला नाक घासू लागली. नाकाच्या त्या पांढऱ्या जागेवरून आता रक्त येत होतं. भिकूशेट म्हणाला, मी लोकांना हिला जन्मखूण म्हणून सांगत होतो. तुम्ही काय सांगाल ते मला ऐकवा. दुसऱ्या दिवसापासून त्यांचाही जवळा बंद झाला.

तरी पावणी येत राहिली. पाच दिवस, दहा दिवस. मग भिकूशेटने खडकाकडे जाणंच सोडलं, आणि बाकीच्यांनाही सोडायला लावलं. लोक विचारत तेव्हा तो खरं सांगे. चुकलो, म्हणून बंद आहे. काही गाड्या वळून परत गेल्या. पडवीतल्या काही खोल्या रिकाम्या राहिल्या. आणि वैशाख संपता संपता एक दिवस बाबल समुद्रावरून आला आणि म्हणाला, पावणी नाय आता. गेली. भिकूशेटने ऐकलं आणि देवघरात जाऊन एक नारळ ठेवला. त्या पावसाळ्यात जवळा बाजारातून आणावा लागला. बायकांनी नाकं मुरडली. बाजारच्या जवळ्यात निम्मी वाळू निघाली.

पावसाळा सरला. नव्याने विणलेली रापण पडू लागली. भिकूशेटने होडीही पुन्हा पाण्यात घातली, पण फळा बदलला. पावणी दिसेलच असं नाही, असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. असला फळा लावून कुणी धंदा करतं का, असं बाबल त्याला रोज चिडवी. पण लोक आले. पूर्वीइतके नाहीत, पण आले ते निवांत. मशीन बंद करून खडकापासून लांब होडी उभी करायची. पाण्यात उतरलात तर हाताला येईल इतकं जवळ जायचं नाही. काही नाही दिसलं तर किनाऱ्यावर येऊन द्वारकाबाईच्या अंगणात जवळा-भाकरी खायची. तिच्या चटया पुन्हा भरल्या होत्या, आणि त्या भाकरीसाठी काही जण दुसऱ्यांदाही आले.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी भिकूशेट तिघांना घेऊन गेला होता. त्यातल्या एका बाईंना घाई होती, दुपारची गाडी पकडायची होती. तासभर काही नाही. भिकूशेट त्यांना पिवळ्या डब्यांची गोष्ट सांगत होता. इतक्यात पाणी थोडं गडद झालं आणि होडीपासून वीस हातांवर ती ठिपक्यांची पाठ दिसली. ती गेल्या वर्षीचीच का दुसरी कुणी, ते लांबून कळत नव्हतं. तोंड उघडं होतं. पाण्यातला जवळा गाळत ती चालली होती, सावकाश, स्वतःच्या वाटेने. होडीसमोर आली, होडीच्या बाजूने गेली, आणि तशीच पुढे निघून गेली. थांबली नाही, वळली नाही.

बाई चष्मा वर करून हिरमुसल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, तिने आपल्याकडे बघितलंसुद्धा नाही."

भिकूशेटने डोक्याची टोपी काढून हातात घेतली होती.

"ताई," तो म्हणाला, "चैत्रापासून समुद्राकडे मी हेच मागत होतो."

तात्पर्य: जे सुख आपणहून दारी येतं त्याचे आभार मानावेत, त्याला सवय लावून अडकवू नये, आणि आपल्या हावेने कुणी अडकलंच, तर सोडवायला आणि चूक कबूल करायला सगळ्यांच्या आधी आपणच पुढे व्हावं.